क्वार्टरबॅकचा पेपर कसा तपासतात

8 जानेवारी 2018. अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना जादा डावात गेला होता. जॉर्जिया विद्यापीठाने 51 यार्डांवरून किक मारून तीन गुण मिळवले आणि 23-20 अशी आघाडी घेतली. आता पाळी अलाबामाची. त्यांचा क्वार्टरबॅक होता तुआ तागोवायलोआ, हवाईतून आलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला 19 वर्षांचा डावखुरा मुलगा. पहिल्याच खेळीत तो बॉल हातात धरून मोकळा साथीदार शोधत राहिला, मागे मागे सरकत गेला आणि जॉर्जियाच्या खेळाडूंनी त्याला पाडलं. 16 यार्डांचं नुकसान झालं. पुढच्याच खेळीत त्याने डाव्या बाजूला लांबलचक पास फेकला, डिव्हॉन्टा स्मिथने तो धावता धावता झेलला आणि 41 यार्डांचा टचडाउन झाला. अलाबामाने सामना 26-23 असा जिंकला.

दुसरी खेळी अमेरिकेतल्या क्रीडारसिकांना आजही तोंडपाठ आहे. पहिली कुणाला आठवलीच, तर दुसरीची रंगत वाढवणारी म्हणून. प्रशिक्षकाला मात्र तसं करून चालत नाही. त्याला दोन्ही खेळी एकाच मापाने मोजाव्या लागतात, आणि मोजणी झाल्यावर ती त्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. सामन्यानंतरची ही तपासणी कशी चालते हे पाहिलं, की या खेळाची बरीचशी बुद्धी कुठे आहे ते कळतं.

हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा वेगळा, म्हणून थोडी ओळख करून देतो. मैदान 100 यार्डांचं, दोन्ही बाजूंना 11 खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्याकडे जातो. टोकाच्या पट्ट्यात बॉल नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत संपतो, खेळ थांबतो, पंचांचं 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं आणि पुढची खेळी आखली जाते. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण 60 ते 80 खेळी येतात.

हे तुकड्यातुकड्याने खेळणं पाहणाऱ्याला सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण तपासणी शक्य होते ती त्यामुळेच. सलग वाहणाऱ्या खेळात एक चूक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे वेगळं काढता येत नाही. इथे प्रत्येक खेळीला सुरुवात आहे, ठरलेली आखणी आहे, शेवट आहे. सुटा प्रश्न, सुटं उत्तर.

यातली जवळजवळ सगळी उत्तरं क्वार्टरबॅक लिहितो. आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक खेळीत बॉल आधी त्याच्याच हातात येतो. बॉल हाती येण्याआधीच त्याचं अर्धं काम झालेलं असावं लागतं. समोरच्या बचावात अगदी मागे उभे असलेले सेफ्टी किती, एक की दोन? मधल्या फळीतला कोणता लाइनबॅकर अंगावर धावून येण्याच्या बेतात आहे? आपली संरक्षक फळी कोणाकोणाला अडवणार, आणि कुणाला अडवायला माणूसच उरत नाही? मग बॉल येतो आणि समोरचं चित्र पुष्कळदा बदलतं, कारण बचावाचे खेळाडूही मुद्दाम खोटं उभे राहिलेले असतात. तिथून पुढे त्याच्यापाशी अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात पास झेलणारा पहिला रिसीव्हर पाहायचा, तो झाकला गेला असेल तर दुसरा, मग तिसरा, आणि कुणीच मोकळा नसेल तर जवळच्या साथीदाराला छोटा पास द्यायचा किंवा बॉल सरळ मैदानाबाहेर फेकून द्यायचा. नजरेचा हा क्रम पायांना बांधलेला असतो. पाचवं पाऊल मागे टेकलं, की पहिल्यासाठीचा पास सुटायला हवा; एक छोटी उडी घेतली, की दुसऱ्यासाठीचा. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी 1980च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्स संघात पावलं आणि पास यांचं हे वेळापत्रक इतकं पक्कं बसवलं, की आज शाळेतल्या मुलांनाही तेच शिकवलं जातं.

सामना संपल्यावर पत्रकार प्रशिक्षकाला विचारतात, आज तुमचा क्वार्टरबॅक कसा खेळला? आणि बहुतेक प्रशिक्षक तेच उत्तर देतात: फिल्म पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. ती तशी नाही. मैदानाच्या कडेला जमिनीच्या पातळीवर उभ्या असलेल्या माणसाला समोर धिप्पाड देहांची भिंत दिसते, आणि तिच्यापलीकडे काय चाललंय ते जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणूनच सहायक प्रशिक्षकांपैकी काही जण वर, प्रेस बॉक्सजवळच्या खोलीत बसतात. टीव्हीवर पाहणाऱ्यांचीही अडचण आहे. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो. मैदानात खोलवर उभे असलेले सेफ्टी चौकटीबाहेर राहतात, आणि पास देण्याचा निर्णय बरोबर होता की चूक हे तर त्यांच्याचवरून ठरतं. घरबसल्या क्वार्टरबॅकला शिव्या देणाऱ्याने निर्णयामागचं कारण बहुतेक वेळा पाहिलेलंच नसतं.

संघाची फिल्म वेगळी असते. एक कॅमेरा बाजूला उंचावर बसवलेला असतो आणि बावीसच्या बावीस खेळाडू सतत चौकटीत ठेवतो. दुसरा गोलच्या मागच्या बाजूने घेतो. त्यात संरक्षक फळीत कुठे भगदाड पडलं, क्वार्टरबॅकचे पाय कुठे वळले होते आणि हेल्मेटचं तोंड कोणत्या दिशेला होतं हे स्पष्ट दिसतं. व्हिडिओ विभागातली माणसं प्रत्येक खेळी कापून सुटी करतात आणि तिच्यावर कितवा प्रयत्न, किती यार्ड हवे होते, रचना कोणती अशी नोंद चढवतात. शनिवारच्या सामन्यानंतर रात्री परतीच्या विमानात किंवा बसमध्ये प्रशिक्षकांच्या मांडीवर ती फिल्म सुरू झालेली असते. रविवारी खेळाडू येईपर्यंत प्रत्येकाचा तक्ता तयार असतो.

या पद्धतीचे दोन मोठे पूर्वज आहेत. सिड गिलमन यांच्या कुटुंबाची मिनिआपोलिसमध्ये चित्रपटगृहं होती. तिथे दाखवल्या जाणाऱ्या बातमीपटांत फुटबॉलची दृश्यं असत. गिलमन ती कापून घरी नेत आणि प्रोजेक्टरवर पुन्हा पुन्हा पाहत. पुढे ते खोल पासच्या खेळाचे मोठे आचार्य ठरले. दुसरे पॉल ब्राउन. 1946 पासून क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक असताना त्यांनी फिल्म पाहून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक खेळीचे गुण देण्याची शिस्त लावली. खेळाडूंना वर्गात बसवून वह्या भरायला लावणारे ते प्रशिक्षक. फुटबॉल हा शिकवायचा विषय आहे हे त्यांनी मनावर घेतलं, आणि आजचं सगळं त्यावरच उभं आहे.

तक्ता प्रत्येक संघाचा वेगळा असतो. कुणी नुसती अधिक-उणे चिन्हं मांडतात, कुणी टक्के काढतात. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी एकाच खेळीचे निरनिराळे भाग सुटे तपासले जातात: निर्णय बरोबर होता का, नजर आणि पाय ठरलेल्या क्रमाने चालले का, आणि फेक नेमकी होती का. आपल्याकडे गणिताच्या पेपरात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि नुसतं उत्तर बरोबर आलं पण पायऱ्याच नसल्या तर चांगला मास्तर भुवई उंचावतो. इथला हिशेब तोच आहे. क्वार्टरबॅकने योग्य माणसाला, योग्य वेळी, छातीवर बसेल असा पास दिला, तो त्या माणसाच्या हाताला लागून उडाला आणि विरोधकाने झेलला, तर आकडेवारीत इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर चढतं. तक्त्यात त्याला पूर्ण गुण मिळतात. उलट त्याने तीन विरोधकांच्या मधोमध बॉल भिरकावला आणि विरोधकाच्या हातून तो सुटला, तर वर्तमानपत्रात तो फक्त एक हुकलेला पास. तक्त्यात मात्र तिथे लाल खूण होते, आणि रविवारी त्या खेळीवर सर्वात जास्त वेळ जातो.

आता अटलांटाच्या त्या दोन खेळींकडे याच डोळ्याने पाहू. खोलीत कोण काय बोललं यात मी शिरत नाही. खेळी सर्वांसमोर झाल्या आणि मोजण्याची रीतही सर्वांना ठाऊक आहे.

जादा डावात प्रत्येक संघाला विरोधकाच्या 25 यार्डांच्या रेषेवरून सुरुवात मिळते. अलाबामा तीन गुणांनी मागे होता, म्हणजे किक मारून बरोबरी साधणं हा मार्ग खुला होता. किकचं अंतर काढायचं तर रेषेत 17 यार्ड मिळवायचे: 10 टोकाच्या पट्ट्याचे आणि सात बॉल मागे ठेवण्याचे. 25 वरून ती किक 42 यार्डांची झाली असती. 16 यार्ड गमावल्यावर बॉल 41 च्या रेषेवर गेला, आणि तिथून किक झाली असती 58 यार्डांची. कॉलेजच्या पातळीवर 58 यार्ड म्हणजे जवळजवळ प्रार्थनाच. शिवाय अलाबामाच्या किकरने मूळ वेळेच्या शेवटच्या क्षणी 36 यार्डांची, सामना जिंकून देणारी किक हुकवली होती. म्हणजे तुआने ती खेळी वाया घालवली एवढंच झालं नव्हतं, संघाचा बरोबरीचा मार्गही त्याने जवळपास बंद केला होता. वेढला जात असताना बॉल मैदानाबाहेर फेकला असता, तर एक प्रयत्न खर्ची पडून बाकी सगळं होतं तसं राहिलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांची ही ठरलेली चूक. शाळेत ते सर्वांपेक्षा चपळ असतात, चार जणांना चुकवून निसटायची सवय लागलेली असते, आणि कॉलेजात पाठलाग करणारेही तितकेच चपळ आहेत हे अंगाला उमगायला वेळ लागतो.

दुसरी खेळी. आता दुसरा प्रयत्न आणि हवे होते 26 यार्ड. चारही रिसीव्हर सरळ खोल धावत सुटले. जॉर्जियाने मागे दोन सेफ्टी ठेवले होते, मैदानाचा एकेक अर्धा भाग प्रत्येकाकडे. अशा बचावात बाजूने खोल धावणारा माणूस मोकळा राहतो, पण फक्त क्षणभर, कारण त्या बाजूचा सेफ्टी क्वार्टरबॅकची नजर वाचून तिकडे धाव घेतो. तुआने बॉल हाती आल्यावर नजर आधी डावीकडे जाऊच दिली नाही. तो समोर आणि उजवीकडे पाहत राहिला. डाव्या अर्ध्याचा सेफ्टी त्या नजरेने अडकून राहिला. मग तुआ डावीकडे वळला आणि लगेच बॉल सोडला. सेफ्टी निघाला तेव्हा उशीर झाला होता. टचडाउनची चित्रफीत पाहताना लोक बॉल आणि स्मिथ यांच्याकडे पाहतात. मागच्या कॅमेऱ्याची फिल्म असेल तर पाहायचं असतं ते हेल्मेट. त्या दीड-दोन सेकंदांच्या संयमासाठी पूर्ण गुण द्यायला कुठलाही प्रशिक्षक कचरणार नाही, पास झेलला गेला नसता तरीही. मला या खेळीत सगळ्यात जास्त भावतं ते हेच, की काही क्षणांपूर्वी घाबरून मागे पळालेला हाच मुलगा आता नजर खोटी ठेवण्याइतका स्थिर उभा होता.

आकडेवारी या दोन खेळींचं काय करते? कॉलेज फुटबॉलमध्ये पास देणाऱ्याचं गुणांकन काढायचं सूत्र आहे: मिळवलेले यार्ड गुणिले 8.4, अधिक टचडाउन गुणिले 330, अधिक झेलले गेलेले पास गुणिले 100, वजा इंटरसेप्शन गुणिले 200, आणि या सगळ्याला एकूण फेकींनी भागायचं. तुआने त्या रात्री 24 पैकी 14 पास पूर्ण केले, 166 यार्ड, तीन टचडाउन, एक इंटरसेप्शन. गुणांकन येतं सुमारे 149.4. शेवटचा एक पास वगळून हिशेब केला, तर ते 122.2 वर उतरतं. एका फेकीने 27 गुणांचा फरक. आणि ते 16 यार्ड? ते या सूत्रात येतच नाहीत. कॉलेजच्या नोंदवहीत क्वार्टरबॅकला पाडल्यामुळे झालेलं नुकसान धावण्याच्या खात्यात मांडलं जातं. म्हणजे त्या रात्रीची त्याची सगळ्यात महाग चूक त्याच्या पासच्या गुणांकनाला शिवलीसुद्धा नाही. तिसऱ्या सत्रातलं त्याचं इंटरसेप्शन सूत्रात आहे खरं, पण अलाबामाच्या बचावाने लगेच बॉल परत हिसकावून घेतल्यामुळे तेही लोकांच्या लक्षातून गेलं. निकाल अशा चुका पोटात घालतो. तपासणाऱ्याने घालायच्या नसतात.

अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांच्या नावावर कॉलेज फुटबॉलची सात राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, सहा अलाबामाची आणि एक लुइझियाना स्टेटचं. ‘निकाल विसरा, काम पाहा’ या विचाराचे ते अमेरिकेतले सर्वात मोठे प्रचारक. त्याचं मूळ 1998 मध्ये आहे. तेव्हा ते मिशिगन स्टेटमध्ये होते आणि देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटशी गाठ होती. मिशिगन स्टेटमधलेच मनोविकारतज्ज्ञ प्राध्यापक लायनल रोझेन यांनी त्यांना सुचवलं, की एक खेळी सरासरी सात सेकंद चालते. मुलांना फक्त त्या सात सेकंदांचा विचार करू द्या, गुणफलकाकडे पाहूच देऊ नका. मिशिगन स्टेटने तो सामना पिछाडीवरून 28-24 असा जिंकला आणि सेबन यांनी ती शिकवण जन्मभर धरली.

ही शिकवण आणि फिल्मची खोली यांत वरवर पाहता विरोध आहे. एक म्हणते झालेलं विसर, दुसरी म्हणते झालेलं पुन्हा पुन्हा पाहा. तरुण खेळाडूला खरं शिकायचं असतं ते या दोन्हींची वेळ ओळखणं. मैदानावर 16 यार्ड गमावल्यावर पुढची खेळी 40 सेकंदांत असते. तिथे आठवत बसलेला मुलगा पुढची खेळीही घालवतो. रविवारी खोलीत दिवे मंद झाले, की मात्र त्याच 16 यार्डांकडे तीनदा, चारदा पाहायचं. “इथे तू कुणाकडे पाहत होतास?” “पाय का थांबले?” “बाहेर फेकायचं कधी सुचलं?” चांगले प्रशिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात, कारण मुलाला काय दिसलं हे फिल्ममध्ये दिसत नाही, ते फक्त तोच सांगू शकतो. तो म्हणाला की सेफ्टी दिसला होता तरी फेकलं, तर चूक विचारातली. म्हणाला की दिसलाच नाही, तर चूक नजरेतली. दोन्हींचा इलाज वेगळा. मुलाला बोलूच न देता सुनावणाऱ्या प्रशिक्षकाला हा फरक कधीच कळत नाही.

जिंकलेल्या सामन्याची तपासणी हरलेल्यापेक्षा अवघड असते. हरल्यावर मुलं ऐकायला तयार असतात. जिंकल्यावर कानांत कौतुकच भरलेलं असतं. ऑक्टोबर 2017 मध्ये टेक्सास ए अँड एमला 27-19 असं हरवून आल्यावर सेबन यांनी पत्रकारांवरच तोफ डागली होती. संघाचं सततचं कौतुक म्हणजे उंदीर मारायचं विष आहे आणि ते माझ्या मुलांच्या पोटात जातंय, असा त्यांचा रोख होता. लोक हसले. पण अलाबामा विद्यापीठ जिथे आहे त्या टस्कलूसासारख्या गावात, जिथे शनिवारी लाखभर माणसं एका मैदानात जमतात, विशीतल्या मुलाच्या कानावर आठवडाभर काय पडत असेल याचा विचार केला, की त्यांचा संताप पटतो. अमेरिकेतल्या अशा विद्यापीठांत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींनाही हे चटकन जाणवतं, की सोमवारी वर्गात शेजारी बसलेल्या मुलाची चूक साऱ्या राज्यात चर्चिली जाते आहे.

त्यामुळे प्रशिक्षकाच्या दोन भाषा असतात, एक बंद खोलीतली आणि एक माइकसमोरची. खोलीत नेमकं बोलायचं, बाहेर मोघम. पराभवानंतर “मुलांची तयारी मी नीट करून घेतली नाही” असं जे प्रशिक्षक म्हणतात, ते मुलाच्या अंगावर येणारा मारा स्वतःकडे वळवत असतात. हे करताना तोल गेला, की काय होतं याचं उदाहरण सप्टेंबर 2007 मधलं आहे. ओक्लाहोमा स्टेटचे प्रशिक्षक माइक गंडी यांनी बॉबी रीड या आपल्या क्वार्टरबॅकला बाजूला बसवलं होतं. एका वर्तमानपत्रात रीडच्या स्वभावावर झोड उठवणारा लेख आला. टेक्सास टेकविरुद्धचा सामना 49-45 असा जिंकल्यानंतरच्या पत्रकार परिषदेत गंडी यांनी तो लेख हातात धरून आरडाओरडा केला: टीका करायची तर माझ्यावर करा, मी पुरुष आहे, मी 40 वर्षांचा आहे. ती चित्रफीत देशभर गाजली, गंडी लोकप्रिय झाले. रीडने पुढे जाहीरपणे सांगितलं, की त्या प्रसंगाने त्याचं मोठं नुकसान झालं. ज्याचा बचाव करायचा होता तोच मुलगा कायमचा त्या चित्रफितीला चिकटला. गंडी यांचा हेतू चांगला होता असं मी मानतो, पण मुलाची पाठराखण करायला एवढा आवाज लागत नाही.

अटलांटाच्या रात्रीत आणखी एक क्वार्टरबॅक होता, आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट अपुरी राहील. जेलन हर्ट्‌स. टेक्सासमधल्या शाळेच्या प्रशिक्षकाचा मुलगा. 2016 मध्ये पहिल्याच वर्षी तो अलाबामाचा मुख्य क्वार्टरबॅक झाला, आणि दोन मोसमांत त्याने सुरुवात केलेल्या 28 सामन्यांपैकी 26 संघाने जिंकले. जानेवारी 2017 च्या अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध दोन मिनिटं उरली असताना त्याने 30 यार्ड धावून आघाडी मिळवून दिली, आणि क्लेमसनने शेवटचा एक सेकंद बाकी असताना ती हिरावून घेत सामना 35-31 असा जिंकला. त्याच सामन्यात हर्ट्‌सचे पास मात्र 31 पैकी 13 च पूर्ण झाले होते. धावण्याने झाकलेली उणीव तिथे दिसत होती. वर्षभराने अटलांटात पहिल्या अर्ध्यात आठपैकी तीन पास, 21 यार्ड, संघ 0-13 असा मागे. मध्यंतरात सेबन यांनी त्याला बसवून तुआला उतरवलं. इतके सामने जिंकून देणाऱ्या मुलाला देशासमोर बाजूला करणं हा कठोर निर्णय होता, पण अन्याय्य नव्हता. संघाला पास हवे होते आणि ते येत नव्हते. हर्ट्‌स उरलेला वेळ कडेला उभा राहून तुआला धीर देत राहिला, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतरच्या मोसमात तो पर्यायी क्वार्टरबॅक म्हणून राहिला आणि पास देण्यावर काम करत राहिला. 1 डिसेंबर 2018 ला तेच स्टेडियम, तोच जॉर्जिया, या वेळी विभागीय विजेतेपदाचा सामना. चौथ्या सत्रात तुआ दुखापतीने बाहेर गेला, अलाबामा 21-28 असा मागे. हर्ट्‌स आला, एक टचडाउन पासने केला, एक स्वतः धावून, आणि सामना 35-28 असा जिंकून दिला. नंतर बोलताना सेबन यांचा कंठ दाटून आला होता. पदवी हातात पडल्यावर हर्ट्‌स ओक्लाहोमाला गेला आणि 2019 मध्ये कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीच्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सला त्याने सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून दिला आणि सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्या सामन्यातला त्याचा 46 यार्डांचा टचडाउन पास झेलणारा होता डिव्हॉन्टा स्मिथ.

आज असा मुलगा वर्षभर थांबेल का, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाला पडतो. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवता येतात आणि कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसून राहण्याची अटही सैल झाली. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. रविवारच्या खोलीत बोललेला एक बोचरा शब्द मोसमाअखेर मुलाला दुसऱ्या विद्यापीठात नेऊ शकतो. काहींना वाटतं यामुळे प्रशिक्षक मवाळ झाले. मला यात भलंही दिसतं. अपमान करून शिकवण्याची जुनी रीत आता महाग पडते, आणि चूक कारणासह समजावून सांगणाऱ्याकडेच मुलं टिकतात.

वेळही मोजका असतो. कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार मोसमात खेळाडूकडून आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि प्रशिक्षकासोबत फिल्म पाहणंही त्यातच धरलं जातं. म्हणून 70 खेळी सगळ्या दाखवत बसत नाहीत. शिकवण्याजोग्या मोजक्या निवडतात, बाकीच्या मुलगा आपल्या टॅबलेटवर पाहतो. 2024 पासून सामना चालू असतानाही मैदानाच्या कडेला टॅबलेटवर चित्रफीत पाहायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये थेट बोलता येऊ लागलं. मात्र खेळीच्या घड्याळावर 15 सेकंद उरले, की तो आवाज बंद होतो.

तपासणीतून निघालेली चूक मग सरावात उतरते. तुआने गमावलेल्या त्या 16 यार्डांसारख्या चुकीसाठीचा सराव साधा आहे. संरक्षक फळी मुद्दाम कोसळू द्यायची, सगळे रिसीव्हर झाकून ठेवायचे आणि क्वार्टरबॅकने बाहेरच्या बाजूला धावत जाऊन बॉल फेकून द्यायचा. यातही नियम आहे. फळीच्या टोकाच्या खेळाडूंमधली मूळ जागा सोडून तो बाहेर आलेला हवा, आणि बॉल किमान खेळी सुरू झाली त्या रेषेपर्यंत पोचायला हवा. नाहीतर पंच दंड देतात आणि प्रयत्नही जातो. पहिल्या वर्षाची मुलं हा सराव नाखुशीने करतात, कारण फेकून देणं त्यांना हार मानण्यासारखं वाटतं. म्हणून काही प्रशिक्षक तक्त्यात योग्य वेळी बाहेर फेकलेल्या बॉललाही अधिक चिन्ह देतात, आणि पुढच्या रविवारी ती खेळी सर्वांसमोर लावून दाखवतात.